कोअर बँकिंग बदललं तेव्हा: ऑपरेशन्सच्या बाजूने

डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आधी अ‍ॅप येतं. चेहरा दाखवून लॉगिन, घरबसल्या खातं, दोन टॅपमध्ये पैसे रवाना. आमच्याकडेही सुरुवात तिथूनच झाली, अ‍ॅप नवं झालं, वेबसाइट नवी झाली, चॅटबॉट आला, आणि तरीही रात्री ठराविक वेळेनंतर केलेला व्यवहार स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या दिवशीच्या तारखेने दिसायचा, कारण मागची कोअर सिस्टीम तीच जुनी होती आणि ती रात्री दिवस बंद करून हिशोबाला बसायची. मी ऑपरेशन्समध्ये काम करते. म्हणजे व्यवहार झाल्यानंतर जमा-नावेचा ताळा जुळतोय का, कुठला पैसा अधांतरी लटकलाय, कुठली एंट्री दोनदा पडलीय हे बघणारे जे लोक असतात त्यातली एक. बँकेने कोअरच बदलायचं ठरवलं तेव्हा मला बिझनेसच्या बाजूने प्रोजेक्टवर घेतलं. त्या काळात जे पाहिलं ते लिहायला घेतलंय, कारण या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक व्हेंडरनी नाहीतर कन्सल्टंटनी लिहिलेलं असतं, आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडायचा असतो त्यांचं म्हणणं त्यात फारसं येत नाही.

कोअर म्हणजे बँकेची मुख्य खातेवही. कुणाचे किती पैसे, कुणाचं किती देणं, हे अंतिम सत्य तिथे. आमची मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या जुन्या घडणीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर होती, आणि कोबोल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. कोबोलची आखणी १९५९ साली सुरू झाली, आयबीएमने सिस्टीम/३६० हे मशीन १९६४ ला जाहीर केलं, आणि जगातल्या कितीतरी बँकांचे हिशोब आजही त्याच घराण्यातल्या मशीनवर चालतात. कोबोलला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पैशाचं गणित दशांशात अचूक करणं, लाखो खात्यांना एका दमात व्याज लावणं आणि वर्षानुवर्षं न पडता चालत राहणं हे त्या सिस्टीमने करून दाखवलंय. अडचण अशी होती की ती बॅचसाठी बनलेली होती. दिवसभर व्यवहार गोळा करायचे, रात्री एंड ऑफ डे चालवायचा, त्यात व्याज लागणार, चार्जेस लागणार, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स (ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे पाठवायच्या ग्राहकाच्या सूचना) सुटणार, जनरल लेजरच्या, म्हणजे सगळ्या बँकेच्या एकत्र खातेवहीच्या बेरजा होणार आणि मग तारीख एक दिवस पुढे सरकणार.

बँका सकाळी उघडून संध्याकाळी बंद होत होत्या तोवर हे चाललं. पण १९६७ साली लंडनमधल्या एनफिल्डला बार्कलेजचं कॅश मशीन सुरू झालं तेव्हापासून बँकेची रात्र हळूहळू कमी होत गेलीय. आता तर ब्रिटनमध्ये २००८ पासून फास्टर पेमेंट्स, भारतात २०१६ पासून यूपीआय, ब्राझीलमध्ये २०२० पासून पिक्स, म्हणजे पैसे काही सेकंदात पोचले पाहिजेत, रात्री दोन वाजता पण. मग जुनी कोअर रात्री हिशोबाला बसली की मधल्या वेळात व्यवहार कोण करणार? त्यासाठी स्टँड-इन नावाची सोय असते, शिल्लक रकमेची एक कॉपी बाजूला ठेवायची, रात्रीचे व्यवहार त्या कॉपीवर करायचे आणि सकाळी खऱ्या खात्यात पोस्ट करायचे. ऐकायला बरं वाटतं. पण रात्री कॉपीमध्ये पैसे होते म्हणून व्यवहार पास झाला आणि त्याच रात्री बॅचमध्ये खऱ्या खात्यातून हप्ता गेला की सकाळी खातं उणे, आणि ग्राहकाला दंड. त्याची काहीच चूक नाही. असे प्रसंग रोज सकाळी माझ्या टेबलावर यायचे, त्यामुळे कोअर बदलणार म्हटल्यावर मला मनापासून आनंद झाला होता, हे आधी सांगते.

नव्या कोअरचं तयार सॉफ्टवेअर पॅकेज निवडलं, ते विकणाऱ्या व्हेंडरशी करार झाला, मग सुरू झाल्या वर्कशॉप्स. व्हेंडरची माणसं हुशार होती आणि त्यांचा पहिला प्रश्न एकदम रास्त होता की तुमचे नियम कुठे लिहिलेत? आम्ही मॅन्युअल्स काढली. मॅन्युअलमध्ये एक लिहिलेलं, कोडमध्ये दुसरं, आणि शाखेत माणसं प्रत्यक्षात तिसरंच करत होती. कोड वाचू शकणारे सर निवृत्तीला आलेले. शाखेत काय चालतं ते माहीत असलेल्या माणसांना वर्कशॉपला बोलावलंच नव्हतं, कारण त्यांना काउंटरवरून सोडायचं कसं हा प्रश्न. मी हट्ट धरला की किमान वरिष्ठ काउंटर स्टाफला आळीपाळीने आणा. खूप वाद झाले त्यावरून. शेवटी आणलं.

आणि पहिल्याच बैठकीत एक काउंटरच्या ताई म्हणाल्या, "ती पत्त्याची तिसरी ओळ आहे ना, ती आम्ही पत्त्यासाठी वापरतच नाही."

खोलीत सगळे गप्प. झालं होतं असं की जुन्या सिस्टीममध्ये शेरा लिहायला जागाच नव्हती. म्हणून कधीतरी कुणीतरी पत्त्याची तिसरी ओळ शेऱ्यासाठी वापरायला सुरुवात केली आणि ती पद्धत शाखेशाखेत पसरली. आम्ही त्या ओळी काढून बघितल्या. "सही बदलली, नवी फाइलला आहे." "खातेदार वारले, मुलगा कागद आणणार." "नवऱ्याला माहिती देऊ नये." "ऐकू कमी येतं, फोन करू नका." मी त्या ओळी वाचत बसले आणि मला कळलं की बँकेला आपल्या माणसांबद्दल जे खरं माहीत आहे ते या एका चुकीच्या फील्डमध्ये आहे. मायग्रेशनच्या, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याच्या मॅपिंगमध्ये (जुनी कुठली माहिती नव्यात कुठे जाणार याच्या तक्त्यात) ती ओळ सरळ नव्या सिस्टीमच्या पत्त्यात जाणार होती. म्हणजे "नवऱ्याला माहिती देऊ नये" हे वाक्य पाकिटावर छापून, त्याच घरी, पोस्टाने. विचार करा. एखाद्या बाईच्या जिवावर बेतू शकलं असतं.

ती ओळ हाताने वाचून वेगळी करायला माणसं बसवली. मशीन लर्निंगने करू असा प्रस्ताव होता आणि पहिली चाळणी तशी केलीही, पत्ता वाटतो की वाटत नाही एवढं सांगायला ते ठीक आहे. पण शेऱ्याचं पुढे काय करायचं हे माणसानेच ठरवलं. कुठला शेरा कुणाला दिसावा यासाठी नव्या सिस्टीममध्ये वेगळे अधिकार द्यायला लागले, जे मूळ आराखड्यात नव्हतेच.

फील्डचं नाव एक आणि उपयोग भलताच, हा प्रकार फक्त आमच्याकडचा नाही. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंग फर्म होती. तिच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं न वापरलेला एक जुना भाग पडून होता, नवीन फीचरसाठी त्यांनी त्याच जुन्या भागाचा फ्लॅग, म्हणजे तो भाग चालू-बंद करणारी खूण, परत वापरला, आणि १ ऑगस्ट २०१२ ला नवं सॉफ्टवेअर चालू केलं तेव्हा आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलेलाच नव्हता. त्या सर्व्हरवर फ्लॅगने जुना भाग जागा केला आणि ऑर्डरीमागून ऑर्डरी सुटल्या. साधारण पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. हे उदाहरण मी प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये बऱ्याचदा सांगितलं, कारण "हे फील्ड रिकामंच आहे, घ्या वापरून" हे वाक्य आमच्याकडेही रोज कुणीतरी म्हणायचं.

मग डेटाची साफसफाई. याला प्लॅनमध्ये एक छोटीशी पट्टी दिली होती आणि प्रत्यक्षात तेच सगळ्यात मोठं काम ठरलं. जन्मतारीख माहीत नव्हती तिथे १ जानेवारी १९०० टाकलेलं. एकाच माणसाचे वेगवेगळे ग्राहक क्रमांक. आणि वाय-टू-के च्या वेळची, म्हणजे साल २००० लागताना दोन अंकी सालांचा घोळ होऊ नये म्हणून केलेली एक डागडुजी अजून तशीच होती, दोन अंकी साल असेल आणि ते तीसपेक्षा कमी असेल तर ते २००० नंतरचं धरायचं. त्यावेळी तो सोपा उपाय होता, जगभर अनेकांनी तसाच केला होता. पण त्यामुळे १९२४ साली जन्मलेल्या बाई मायग्रेशनच्या चाचणीत २०२४ च्या झाल्या, नव्या सिस्टीमच्या लेखी अल्पवयीन खातेदार, आणि पैसे काढायला पालकाची सही लागणार. जुन्या सिस्टीममध्ये हे कधी दिसलं नाही कारण तिथे वयाचा नियम खातं उघडतानाच तपासला जायचा, नंतर कधी नाही. नवी सिस्टीम दर व्यवहाराला तपासत होती. असे सगळे खातेदार वयाने खूप मोठे, म्हणजे ज्यांना शाखेत चकरा मारणं सगळ्यात अवघड. ती यादी आम्ही एकेक करून जुन्या अर्जांवरून तपासली.

एकाच माणसाचे दोन-तीन क्रमांक एकत्र करायचे का यावर माझं मत शेवटपर्यंत पक्कं होतं: शंका असेल तर करू नका. व्हेंडरला "ग्राहकाचं एकच चित्र" हवं होतं, मार्केटिंगला तर हवंच होतं. पण नाव सारखं आणि जन्मतारीख सारखी अशी दोन वेगळी माणसं असतात, जुळी भावंडं असतात, बापाचंच नाव मुलाला दिलेलं असतं. चुकून जोडलं तर एकाची शिल्लक दुसऱ्याला दिसते. दोन क्रमांक राहिले तर गैरसोय होते, चुकीचे जोडले तर विश्वास जातो, आणि बँकेकडे त्याशिवाय दुसरं असतं काय.

आता जरा तांत्रिक. मेनफ्रेमवर अक्षरं ईबीसीडिक नावाच्या पद्धतीत साठवतात, बाकी जग युनिकोडवर. रकमा पॅक्ड डेसिमलमध्ये, म्हणजे प्रत्येक अंकाला अर्धा बाइट आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह, सी असेल तर अधिक, डी असेल तर उणे. चाचणीच्या एका लोडमध्ये कन्व्हर्जनची स्क्रिप्ट ते शेवटचं अर्धं बाइट वाचतच नव्हती. ओव्हरड्राफ्टची सगळी खाती अधिक झाली. ज्यांचं बँकेला देणं होतं त्यांच्या नावावर तेवढीच शिल्लक. हे सापडलं ते कंट्रोल टोटल्समुळे. आम्ही प्रत्येक फाइलला तीन बेरजा लावायचो: किती ओळी, शिल्लक रकमांची बेरीज, आणि खातेक्रमांकांची बेरीज. शेवटच्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो, तिला हॅश टोटल म्हणतात, पण एखादा क्रमांक बदलला किंवा एक गळून दुसरा आला तर ती बोलते. ओळी जुळल्या, हॅश टोटल जुळली, रकमांची बेरीज जुळेना. अर्ध्या तासात कारण हाताशी आलं. ही पद्धत पंच कार्डांच्या जमान्यातली आहे आणि मला कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

आणि एक्सेल. डेटाची फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी खातेक्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य जातात, आणि क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो कारण एक्सेल पंधरा अंकांपुढे आकडा धरत नाही. दिसायला सगळं बरोबर दिसतं. आमच्याकडे सक्त नियम केला की मायग्रेशनची फाइल एक्सेलमध्ये कुणीही उघडायची नाही, मग तो कुठल्याही हुद्द्यावरचा असो.

व्याजावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण तिथे मला कळलं की "बरोबर" कशाला म्हणायचं हेच आधी ठरवावं लागतं. पॅरलल रन म्हणजे तोच डेटा दोन्ही सिस्टीममध्ये चालवायचा आणि उत्तरं ताडून बघायची. पहिल्या वेळेला जवळजवळ सगळ्याच बचत खात्यांच्या व्याजात फरक आला. फरक किरकोळ, पण सगळीकडे. मी एक साधं खातं घेतलं आणि कागद-पेन घेऊन बसले. शिल्लक १०,०००, दर ४ टक्के, ३६५ दिवसांचं वर्ष. रोजचं व्याज येतं १.०९५८९ आणि पुढे अजून. जुनी सिस्टीम ते रोज दोन घरांवर राउंड करून साठवत होती, म्हणजे १.१०. तीस दिवसांचे झाले ३३.००. नवी सिस्टीम सगळी घरं जपून ठेवायची आणि महिनाअखेर एकदाच राउंड करायची, तिचं उत्तर ३२.८८. म्हणजे जुनी सिस्टीम ग्राहकाला बारा शतांश जास्त देत होती. बरं, मग ती ग्राहकाच्या बाजूची म्हणायची का? लीप वर्ष घेतलं, ३६६ दिवस. रोजचं व्याज १.०९२८९, राउंड करून १.०९, तीस दिवसांचे ३२.७०, आणि नव्या सिस्टीमचे ३२.७९. आता जुनी सिस्टीम कमी देत होती. तीच पद्धत, तेच खातं, फक्त वर्ष वेगळं. एका खात्याला काहीच नाही, पण लाखो खाती आणि रोजचा दिवस धरला तर तो आकडा फायनान्सवाल्यांना झोपू देत नाही.

प्रॉडक्टच्या अटींमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं की व्याज रोजच्या शिल्लकेवर लागेल. राउंडिंगचा उल्लेखच नाही. भरीला नवी सिस्टीम अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेत होती, २.३४५ चं २.३४, आणि जुनी नेहमी वर, २.३५. दोन्ही पद्धती जगात चालतात. व्हेंडर म्हणाला आमची पद्धत प्रमाण आहे. मी म्हणाले, ग्राहकाशी आपला करार झालाय त्यात तुमचं प्रमाण कुठेय? लीगल, फायनान्स, ऑपरेशन्स सगळे बसून मग ठरलं की चालू महिन्याचं जमलेलं व्याज जुन्या पद्धतीने जसंच्या तसं न्यायचं, पुढच्या महिन्यापासून नवी पद्धत, अटींमध्ये राउंडिंग स्पष्ट लिहायचं, ग्राहकांना आधी कळवायचं, आणि बदलाच्या महिन्यात ज्याला कमी पडेल त्याला फरक भरून द्यायचा. या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, तरी केलं.

स्क्रीनबद्दल पण लिहायला हवं. जुनी स्क्रीन काळी, हिरवी अक्षरं, माउस नाहीच. नवी ब्राउझरमध्ये, सुंदर, भरपूर मोकळी जागा. डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण काउंटरवरची अनुभवी माणसं जुन्या स्क्रीनवर फंक्शन की दाबत, स्क्रीनकडे न बघता, ग्राहकाशी बोलत बोलत व्यवहार संपवायची. नव्या स्क्रीनवर तोच व्यवहार करायला माउस पकडा, ड्रॉपडाउन उघडा, खाली स्क्रोल करा. रांग वाढली की कळतं ते किती महाग पडतं. त्यांना "बदलाला विरोध करणारे" असं लेबल लागायला लागलं होतं तेव्हा मी उभी राहिले. ते विरोध करत नव्हते, ते मोजमाप सांगत होते. शेवटी कीबोर्डचे शॉर्टकट, टॅबचा क्रम आणि सगळ्यात जास्त लागणाऱ्या व्यवहारांची एक-पानी स्क्रीन हे सगळं करून घेतलं, गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष चालू होण्याच्या आधी. ज्यांच्याकडे हे होणार असेल त्यांनी करारातच हे घालून घ्या, नंतर प्रत्येक गोष्टीला चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची वेगळी मागणी, लागते.

सगळी बँक एका रात्रीत हलवायची की टप्प्याटप्प्याने, यावर वरच्या पातळीवर बराच खल झाला. एका झटक्यात केलं तर दोन सिस्टीम एकत्र सांभाळायचा ताप नाही आणि खर्चही कमी. आमच्या बैठकांमध्ये टीएसबीचं उदाहरण यायचं. ब्रिटनमधली ही बँक एप्रिल २०१८ मध्ये नव्या प्लॅटफॉर्मवर गेली, ५२ लाख ग्राहक. डेटा व्यवस्थित पोचला होता, हे नंतर नियामकांनीही नोंदवलं. पण प्लॅटफॉर्म लगेच कोलमडायला लागला, लोकांना लॉगिन होईना, शाखांमध्ये काम चालेना, आणि सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख पाउंडांहून जास्त दंड लावला. मला त्यातली "डेटा व्यवस्थित पोचला" ही ओळच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताळा जुळला म्हणजे काम झालं असं आम्हा ऑपरेशन्सवाल्यांना वाटतं. तसं नसतं. सोमवारी सकाळी सगळे एकदम लॉगिन करायला आल्यावर ते पेलतंय का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याची चाचणी खऱ्या गर्दीएवढ्या लोडने आणि ज्या यंत्रणेवर खरोखर चालणार त्याच यंत्रणेवर व्हायला हवी.

आम्ही टप्पे धरले. आधी कर्मचाऱ्यांची खाती, मग एक छोटा गट, मग मोठा लोंढा. मधल्या काळात दोन्ही कोअर जिवंत, प्रत्येक व्यवहार आधी बघायचा की हे खातं कुठल्या बाजूला आहे, आणि रात्री दोन्ही लेजरची एकत्र बेरीज. त्रास झाला, खरंच झाला. माझ्या टीमने जेवणाच्या वेळा विसरून काम केलं त्या काळात. पण प्रत्येक टप्प्यात काहीतरी सापडायचं आणि ते थोड्याच लोकांना भोवायचं.

मोठ्या कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जाण्याच्या वीकेंडला जुन्या सिस्टीमने एंड ऑफ डे पूर्ण केला, फाइली निघाल्या, लोड झाल्या, आणि मग ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा तक्ता, समोर. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी लावून आम्ही खाली उतरत गेलो. सगळं जुळलं, एक सस्पेन्स खातं सोडून. सस्पेन्स म्हणजे ज्या एंट्रीचं घर सापडत नाही ती तात्पुरती ठेवायची जागा, आणि आमच्याकडे त्यातल्या काही इतक्या जुन्या होत्या की त्यांचं संदर्भ फील्डच रिकामं, म्हणून नव्या सिस्टीमने त्या नाकारल्या. गो की नो-गो याची बैठक तासाभरावर. नाकारलेल्या एंट्रींची यादी आणि ट्रायल बॅलन्समधला फरक शेवटच्या अंकापर्यंत एकच आहे हे आम्ही दाखवलं, म्हणजे फरक कशाचा हे पूर्ण माहीत होतं. तेवढ्यावर गो मिळाला. फरक छोटा असून कारण माहीत नसतं तर मी नो-गो म्हणाले असते, आणि तसं मी आधीच लेखी कळवून ठेवलं होतं. कारण एटीएममधून पहिले पैसे नव्या सिस्टीमवर निघाले की मागे फिरायचं म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार जुन्या बाजूला हाताने भरायचा. रोलबॅक कागदावर शेवटपर्यंत असतो, प्रत्यक्षात तो त्या पहिल्या व्यवहारापर्यंतच.

गो-लाइव्हनंतर जे निघालं ते कुणाच्या टेस्ट केसमध्ये नव्हतं. एकच नाव असलेली माणसं, ज्यांना आडनावच नाही, त्यांना नवी सिस्टीम प्रोफाइल अपडेट करू देईना कारण आडनाव सक्तीचं. काही जणांनी वैतागून आडनावात पुन्हा तेच नाव टाकलं आणि मग ओळखपत्राशी जुळेना. ते सक्तीचं फील्ड काढायला आम्हाला भांडावं लागलं. महिन्याच्या ३१ तारखेला लावलेल्या स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स तीस दिवसांच्या महिन्यात जुनी सिस्टीम शेवटच्या दिवशी सोडायची, नवी त्या महिन्यात सोडायचीच नाही. कुणाचं घरभाडं राहिलं, कुणाचा विम्याचा हप्ता. आम्ही त्या सगळ्यांना स्वतःहून फोन केले, दंड बसला असेल तर भरून दिला.

आणि दुहेरी पेमेंट. नेट हळू, ग्राहकाने "पाठवा" दाबलं, गोल फिरत राहिलं, टाइमआउट, त्याने परत दाबलं. पैसे दोनदा गेले. ग्राहक काय चुकला? काहीच नाही, त्याला उत्तरच मिळालं नव्हतं. यावर उपाय आहे, प्रत्येक विनंतीला अ‍ॅपनेच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक परत आला तर कोअरने नवा व्यवहार न करता पहिल्याचंच उत्तर परत पाठवायचं. मुख्य पेमेंटला ही सोय होती, एका कमी वापराच्या बिल पेमेंटच्या वाटेवर राहून गेली होती. बॅचच्या जमान्यात असं डुप्लिकेट रात्री माणसाच्या नजरेला पडायचं आणि आम्ही ते सुटायच्या आधी थांबवायचो. रिअल-टाइममध्ये ती मधली वेळच उरत नाही, पैसे समोरच्याकडे जाऊन खर्चही झालेले असतात. म्हणून जी तपासणी आधी माणूस रात्री करत होता ती आता सिस्टीमने व्यवहाराच्या त्याच क्षणी केली पाहिजे, आणि ती नेमकी कुठली तपासणी हे रात्री काम करणाऱ्या माणसालाच विचारायला लागतं.

पत्त्याच्या साफसफाईचा एक फायदा नंतर झाला. परदेशी पेमेंटसाठी स्विफ्टचे, म्हणजे बँकाबँकांमध्ये निरोप पाठवायच्या जागतिक नेटवर्कचे, जुने मेसेज असायचे त्यात नाव-पत्त्याला प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळी, त्यात काहीही कसंही लिहा. नवा आयएसओ २००२२ फॉरमॅट आला, त्यात रस्ता, शहर, देश सगळं वेगवेगळ्या फील्डमध्ये देता येतं, आणि बँकांमधल्या पेमेंटसाठी जुना-नवा एकत्र चालायची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. आमचे पत्ते तोवर सुटे आणि स्वच्छ झालेले होते, त्यामुळे तो बदल आम्हाला तुलनेने कमी जड गेला. त्या तिसऱ्या ओळीवर बसलेल्या टीमचं हे श्रेय आहे आणि ते त्यांना कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये मिळालं नाही, म्हणून मी नोंदवून ठेवतेय.

रात्री केलेला व्यवहार आता त्याच तारखेला दिसतो. स्टँड-इनमुळे उणे झालेल्या खात्यांची सकाळची यादी बंद झाली. एंड ऑफ डे अजून आहे, पण तो चालू असताना खाती बंद पडत नाहीत. जुनं मशीन अजून बंद झालेलं नाही, फक्त वाचण्यासाठी चालू ठेवलंय, कारण बंद झालेली जुनी खाती आम्ही हलवली नाहीत आणि रेकॉर्ड ठराविक वर्षं जपणं कायद्याने लागतं. ती हलवायची की वेगळ्या आर्काइव्हमध्ये ठेवायची हा वाद अजून चालूच आहे. माझं म्हणणं आर्काइव्ह, आयटीचं म्हणणं हलवा.

आता कर्जखात्यांचा टप्पा सुरू झालाय. त्यात हप्ते, पुनर्रचना, तारण, मध्येच बदललेले व्याजदर, बचत खात्यांपेक्षा कितीतरी गुंतागुंत. पहिल्या बैठकीला यावेळी वसुलीची आणि शाखेची माणसं सुरुवातीपासून होती, आणि अजेंड्यावर पहिलाच मुद्दा होता: जुन्या सिस्टीममधल्या प्रत्येक फील्डसमोर, त्यात प्रत्यक्षात काय भरलं जातं ते लिहा. पहिल्या दिवशी आमची यादी "तारणाचा तपशील" या फील्डपर्यंतच पोचली, कारण त्यात जामीनदारांचे फोन नंबर निघाले.